नाव दोन गावांचे, प्रदेश तीन जिल्ह्यांचा

प्रश्न : गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात नेमका कोणता प्रदेश येतो?

उत्तर : पूर्वीचा चिमूर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत संपला आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला हा नवा मतदारसंघ आला; येथे पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली व अहेरी, चंद्रपूरमधील ब्रह्मपुरी व चिमूर आणि गोंदियातील आमगाव असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आहेत. नावात गोंदियाचा उल्लेख नाही, म्हणून आमगावचा अनेकांना विसर पडतो. उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेपासून दक्षिणेला गोदावरीकाठच्या सिरोंचापर्यंत पसरलेल्या, जंगलांनी व नद्यांनी विभागलेल्या या प्रदेशाला एकच खासदार मिळतो, ही गोष्ट मला खरोखर चिंतेची वाटते.