सोलर टेक्निशियनचा ‘अ‍ॅक्रेडिटेड’ कोर्स खरंच वेगळा असतो का? दुप्पट फी भरावी का?

फरक पडतो. पण मान्यता नेमकी कशाला मिळाली आहे, हे कागदावर पाहिल्याशिवाय दुप्पट फी भरू नका. तुम्ही लिहिलंय की दोन्ही कोर्स सारख्याच मुदतीचे आहेत आणि महागवाले कारण म्हणून ‘आमचा कोर्स अ‍ॅक्रेडिटेड आहे’ एवढंच सांगतात. मी सोलर इन्स्टॉलेशन शिकवते. आमच्या कोर्सची तपासणी झाली तेव्हा संस्थेच्या बाजूने मी बसले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर बऱ्याच फ्रेम दिसतील. त्यात हमखास असते ती आयएसओ ९००१ची, म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या एका मानकाची. ते प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं: नोंदी ठेवता का, तक्रारींचं काय करता, चुका कशा सुधारता. बिस्किटांच्या कारखान्यालाही तेच मिळतं. तिथे क्रिंपिंग (वायरच्या टोकावर धातूचा जोड दाबून बसवणं) नीट शिकवतात का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय आयएसओ फक्त मानकं लिहिते, प्रमाणपत्रं देत नाही. ती देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. ‘आमच्या कोर्सला आयएसओने मान्यता दिली’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना स्वतःलाच नीट माहिती नाही किंवा तुम्हाला नसेल असं ते धरून चाललेत.

कोर्सची मान्यता म्हणजे बाहेरची संस्था येऊन तो कोर्सच तपासते. अमेरिकेत हे काम इंटरस्टेट रिन्यूएबल एनर्जी कौन्सिल करते. स्वच्छ ऊर्जेच्या प्रशिक्षणासाठी त्यांचं वेगळं मानक आहे, एएनएसआय/आयआरईसी १४७३२, २०१४ सालचं. याचा सगळा पाया म्हणजे कामाची फोड. अनुभवी लोकांना बसवून विचारायचं, की हे काम करणारा माणूस दिवसभरात नक्की काय काय करतो, त्यात चुकलं तर काय बिघडतं, आणि त्या यादीवरून अभ्यासक्रम बांधायचा. प्रशिक्षकाला जे शिकवायला आवडतं त्यावरून बांधायचा नाही.

आमच्याकडे आलेल्या तपासनीसांनी भाषण ऐकलंच नाही. त्यांनी जुन्या पेपरमधला एक प्रश्न उचलला आणि विचारलं, हा कामाच्या कुठल्या पायरीवर आहे? ती पायरी कुठल्या तासाला शिकवली? कोणी शिकवली? त्या प्रशिक्षकाने स्वतः छतावर काम केल्याची नोंद दाखवा. मग वर्कशॉपमध्ये जाऊन टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) हातात घेतला आणि त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर आहे का याची तपासणी, कधी झालं ते विचारलं. क्रिंपिंगच्या पकडी किती, मुलं किती, एकाच्या हातात पक्कड असताना बाकीचे काय करतात? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कारण बघून शिकलेला आणि करून शिकलेला यातला फरक साइटवर पहिल्याच दिवशी कळतो.

एवढी काटेकोर तपासणी कशाला, असं वाटेल. सोलरचं काम चुकलं तरी त्या दिवशी सगळं चालूच असतं, म्हणून. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याला बंद करायचं बटण नाही. साधारण ४५ व्होल्टची २० पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक साखळीत, जोडली की टोकाला ९०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) उभे असतात. घरातला ५० हर्ट्झचा एसी (दिशा बदलत राहणारा) प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायला संधी मिळते. डीसीला ती संधी नाही. एकदा आर्क, म्हणजे हवेतून सलग पेटती ठिणगी, धरली की ती जळत राहते. आणि सुरुवात अगदी साध्या गोष्टीतून होते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, दिसायला सारखे कनेक्टर एकमेकांत बसतात, ‘टक्’ आवाज येतो, इन्व्हर्टर चालू होतो, ग्राहक खूश. आत मात्र दोन्हींचे धातू आणि मापं तंतोतंत जुळलेली नसतात. संपर्क हळूहळू बिघडतो, जोड तापतो आणि पुढे कधीतरी प्लास्टिक वितळतं. तोवर इन्स्टॉलर कधीच निघून गेलेला असतो. ग्राहकाला हे दिसण्याचा मार्गच नाही. त्याच्या वतीने कोणीतरी आधीच, शिकवण्याच्या जागी, लक्ष घालायला हवं, आणि मान्यतेचं मोल मला तिथेच दिसतं.

आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं: कोर्सला मान्यता मिळाली म्हणून तुम्ही प्रमाणित होत नाही. कोर्सअखेर मिळतो तो ‘कोर्स पूर्ण केला’ एवढाच दाखला. व्यक्तीचं कौशल्य प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे वेगळं मानक आहे. शिकवणं आणि परीक्षा एकाच हातात असणं हा निःपक्षपातीपणाला धोका आहे, असं ते स्पष्ट धरतं. अमेरिकेतल्या नॅबसेप या व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं इन्स्टॉलरसाठीचं मुख्य प्रमाणपत्र या धर्तीचं आहे: प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि स्वतंत्र परीक्षा. वायरिंग करायचा कायदेशीर परवाना ही आणखी तिसरी गोष्ट. तो त्या-त्या ठिकाणच्या सरकारी नियमांनुसारच मिळतो. हे तिन्ही एकच असल्यासारखं काउंटरवर बोलतात, तिथे सावध राहा.

तर संस्थेत गेलात की मान्यतेचं पत्र मागा आणि त्यावर तुमच्याच कोर्सचं नाव, तुमच्याच केंद्राचा पत्ता आणि न संपलेली मुदत आहे का पाहा. मुख्य शाखेच्या एका कोर्सची मान्यता सगळ्या शाखांच्या सगळ्या जाहिरातींत वापरलेली मी पाहिली आहे. मान्यता देणाऱ्याच्या यादीत नाव स्वतः शोधा, संस्थेने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी (वायरच्या आवरणातून वीज गळते का, हे पाहणं) प्रत्येकाच्या हातून करून घेतात का, हे विचारा. आयईसी ६२४४६-१ या सोलर प्रकल्पांच्या मानकाप्रमाणे प्रकल्प सोपवताना ज्या चाचण्या करायच्या असतात, त्यातली ही एक आहे. आणि मागच्या बॅचमध्ये कोणी नापास झालं का, हेही विचारा. कधीच कोणी नापास होत नसेल, तर तिथे परीक्षा होत नाही.

दुसरी बाजूही सांगते. मान्यतेला पैसा लागतो, कागदपत्रांसाठी माणूस लागतो. लहान केंद्रांना ते झेपत नाही, आणि त्यांतली काही फार मनापासून शिकवतात. तुमच्या स्वस्त कोर्समध्ये प्रशिक्षक साइटवर काम केलेला असेल, अवजारं पुरेशी असतील आणि तुम्हाला नंतर स्वतंत्र परीक्षेला बसता येत असेल, तर मी तोच घेईन आणि वाचलेले पैसे परीक्षेच्या फीसाठी ठेवीन. दोन्हीकडचं वर्कशॉप सारखंच वाटलं तर मात्र मान्यतावाला.

पुढे पवनचक्क्यांकडे वळायचा विचार असेल, तर तिथे हिशोब वेगळा आहे. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनच्या मानकाप्रमाणे प्रथमोपचार, उंचीवरचं काम, आगीपासून बचाव, अवजड वस्तू हाताळणं, आणि समुद्रातल्या प्रकल्पांसाठी समुद्रात जीव वाचवणं, हे सगळं मान्यताप्राप्त केंद्रातच करावं लागतं. त्याची नोंद विंडा या त्यांच्या डेटाबेसमध्ये जाते, आणि उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण दर २४ महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. अनेक कंपन्या ती नोंद पाहिल्याशिवाय टॉवरवर चढू देत नाहीत. तिथे बिनमान्यतेच्या कोर्सवर एक रुपयाही घालू नका.