रोमन नाणी जमवायची तर एकच अल्पायुषी घराणं कोणतं निवडावं?

तुम्ही विचारलंय की जेमतेम काही वर्षं राज्य केलेलं एखादं रोमन घराणं बेताच्या पैशात पूर्ण जमवता येईल का, आणि त्यासाठी सम्राट मॅक्रिनसचं घराणं कसं राहील.

जमवता येईल, पण मॅक्रिनस नको. 217-218 मध्ये जेमतेम वर्षभर टिकलेले हे बापलेक दोघंच; त्यातही मुलगा डायाडुमेनियन याचं बरं नाणं घ्यायचं तर खिसा मोकळा होतो. मी तुम्हाला फिलिप 'अरब'चं घराणं सुचवेन. 244 ते 249 अशी पाच वर्षं आणि तीन चेहरे: स्वतः फिलिप, बायको ओटासिलिया सेव्हेरा आणि मुलगा धाकटा फिलिप. इथे जर्मनीत यांची साधी नाणी 30 ते 60 युरोंत मिळतात. स्वस्ताईचं कारण म्हणजे त्या काळात लोकांनी पुरून ठेवलेले घडेच्या घडे नंतर सापडले. इंग्लंडात डॉर्चेस्टरला 1936 मध्ये एकाच ठिकाणी 20,000 हून अधिक नाणी निघाली.

हा फिलिप आजच्या सीरियातल्या शाहबा गावचा. आधीचा सम्राट तिसरा गॉर्डियन याच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख होता. इराणवरच्या स्वारीत तो तरुण सम्राट गेला आणि सैन्याने याला गादीवर बसवलं. त्याने इराणचा राजा पहिला शापूर याच्याशी घाईघाईने तह केला आणि नाण्यावर 'पर्शियनांशी शांतता प्रस्थापित' असं छापलं. तिकडे शापूरने नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात 'फिलिपने 5 लाख दिनार मोजले' असं कोरून ठेवलं. हे तहाचं नाणं जरा महाग पडतं, पण कधीतरी घ्याच.

खरी मजा 248 सालच्या नाण्यांत आहे. रोमला हजार वर्षं झाली म्हणून मोठा उत्सव झाला, प्राण्यांचे खेळ झाले आणि तेच प्राणी नाण्यांवर आले. रोमच्या टांकसाळीत तेव्हा सहा विभाग होते. या मालिकेत प्रत्येकाला एक प्राणी दिला होता आणि विभागाचा आकडा नाण्याच्या मागच्या बाजूला, प्राण्याच्या पायाखाली छापला. एकवर सिंह, दोनवर रोमच्या दंतकथेतल्या जुळ्यांना पाजणारी लांडगीण, पाचवर शिंगाळं हरीण, सहावर काळविटाच्या जातीचा प्राणी. हे चारही बापाच्या नावाचे. तिसरा विभाग मुलाचा: त्यावरच्या प्राण्याला कुणी बकरा म्हणतं, कुणी एल्क, म्हणजे मोठ्या हरणाची एक जात. चौथा राणीचा, आणि तिच्या वाट्याला आला पाणघोडा! आकडाही आपल्याला माहीत असलेल्या IV या रोमन पद्धतीने नाही, सरळ चार उभ्या रेघा. म्हणजे एक ते सहा आकडे लावले की अख्खं कुटुंब आपोआप पुरं होतं. मला तरी या छंदात इतकी सुटसुटीत आणि तरीही चार ठिकाणी हिंडायला लावणारी दुसरी मालिका दिसलेली नाही.

इथे नवखे लोक एका ठिकाणी अडकतात. 247 मध्ये मुलगाही ऑगस्टस, म्हणजे बापाच्या जोडीचा सम्राट, झाला आणि त्याच्या नाण्यांवरही बापासारखंच 'इंपेरातोर फिलिपस ऑगस्टस' हे संक्षेपाने यायला लागलं. नाव तेच, डोक्यावरचा किरणांचा मुकुटही तोच. मग ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून. बापाच्या कपाळावर आठ्या, बारीक कापलेली दाढी, जाड मान. मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, गाल गुळगुळीत. विक्रेतेसुद्धा कधी कधी मुलाचं नाणं बापाच्या डब्यात टाकतात. सगळ्या डब्यावर एकच भाव असेल तर मुलाची नाणी आधी शोधा. राणी ओळखायला सोपी, तिचा अर्धपुतळा चंद्रकोरीवर टेकलेला असतो.

या सगळ्या नाण्यांच्या प्रकाराला अँटोनिनियानस म्हणतात. आपल्या हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, वजन साधारण 4 ग्रॅम. म्हणायला चांदी, प्रत्यक्षात निम्म्याहून कमी. त्यामुळे काळपट दिसलं तर घाबरू नका आणि कृपा करून पितांबरी घेऊन बसू नका! घासलेलं नाणं कुणी विकत घेत नाही. नकली ओळखायचं तर कड बघा. ओतीव नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात. दोन नाण्यांवर ओरखडा अगदी त्याच जागी दिसला तर दोन्ही सोडून द्या. सिंह आणि पाणघोड्याच्या बाबतीत विशेष जपून, कारण मागणी त्यांनाच.

भारतात राहत असाल तर एक लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पुढेमागे परदेशी लिलावात विकू, असा हिशेब करून घेऊ नका. आपल्याकडच्या जमिनीत सापडलेल्या रोमन नाण्यांवरही भिस्त नको. ती बहुतेक दक्षिणेतली आणि ऑगस्टस-टायबेरियस या पहिल्या सम्राटांच्या काळातली, म्हणजे फिलिपच्या दोनशे वर्षं आधीची. शिवाय जमिनीतून निघालेल्या धनाचा कायदा वेगळाच आहे.

सुरुवात मुलाच्या साध्या नाण्यापासून करा, तो कैसर म्हणजे युवराज असतानाच्या. मागे 'तरुणांचा नायक' या बिरुदासह तो हातात गोल आणि भाला घेऊन उभा असतो. मग बापाचं हत्ती-माहुताचं नाणं घ्या. ते सहज मिळतं आणि घरच्यांना दाखवायलाही बरं. त्यानंतर आकड्यांच्या मागे लागा, पाणघोडा शेवटी. 249 मध्ये त्याच्याच डेसियस नावाच्या सेनापतीने इटलीत व्हेरोनाजवळ फिलिपला हरवलं आणि बापलेक दोघेही मारले गेले. त्याआधी पकाटियन नावाच्या एका बंडखोराने 'रोमचं एक हजार एकावं वर्ष' असं लिहिलेलं नाणं पाडलं होतं. ते लिलावाच्या याद्यांतच बघायचं. तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.