हिम वितळण्याची वाट पाहताना

प्रश्न : हिवाळ्यात आमच्याकडे कमरेइतके हिम साचले होते. गेले दोन आठवडे दुपारचे तापमान शून्याच्या वर जाते आणि ऊनही लख्ख पडते, तरी थर जेमतेम वीतभर खचला आहे आणि त्याच्या तळातून पाण्याचा ओघळही निघालेला नाही. इतके दिवस हे हिम अडून का बसले आहे? वर राख पसरली तर ते लवकर जाईल का?

उत्तर : आपली अधीरता समजण्यासारखी आहे, परंतु या दोन आठवड्यांत काहीच घडलेले नाही, असे मात्र मानू नये. (रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. येथे आकाशातून पडलेले ते हिम आणि पाणी गोठून झालेला तो बर्फ, असा फरक ठेवला आहे.)

एक ग्रॅम हिम उणे १० अंशांवरून शून्यापर्यंत आणायला सुमारे ५ कॅलरी उष्णता पुरते. त्याच शून्य अंशावर त्याचे पाणी करायला मात्र ८० कॅलरी लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. ही सारी उष्णता थरात शिरते, पण तापमापकावर दिसत नाही. म्हणूनच तिला अप्रकट उष्मा म्हणतात. त्यातच ताजे हिम अंगावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकते. उत्तर गोलार्धात मार्चअखेरचा सूर्य मध्य सप्टेंबरइतकाच वर चढलेला असतो, तरीही त्याच्या उन्हाचा फार थोडा भाग हिमाच्या वाट्याला येतो, तो यामुळेच. हिम जुने, ओले आणि मळकट होत गेले, की हे परावर्तन पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते आणि वितळण्याचा वेग वाढतो.

दुपारी पृष्ठभागावर जे पाणी होते, ते खाली झिरपते आणि आतल्या थंड थरात पुन्हा गोठते. गोठताना ते आपली उष्णता त्या थराला देते. अशा रीतीने वरून खालपर्यंत सगळा थर शून्य अंशावर येईपर्यंत आणि दाण्यांमधल्या पोकळ्यांत मावेल तेवढे पाणी साठेपर्यंत तळातून ओघळ सुटत नाही. या काळात थर खचतो आणि घट्ट होतो, म्हणजे उंची घटली तरी त्यातले पाणी जवळपास तेवढेच राहते. आपल्याला दिसलेला वीतभराचा फरक हा बहुतेक याच खचण्याचा असावा. खात्री करायची असेल तर तळापर्यंत खड्डा खणून वेगवेगळ्या खोलीवर तापमापक खुपसावा. सगळीकडे शून्य आढळले आणि दाणे जाड मिठाच्या खड्यांसारखे ओले, मोकळे लागले, तर प्रतीक्षा संपत आली असे समजावे.

रात्रीकडेही लक्ष द्यावे. आकाश निरभ्र असेल तर हिम आपली उष्णता वर फेकते आणि पृष्ठभागावर कडक कवच धरते. सकाळी त्यावरून चालता येते आणि दुपारी त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दुसऱ्या दिवशीचे बरेचसे ऊन हे कवच पुन्हा वितळवण्यातच खर्ची पडते. म्हणून मला उन्हापेक्षा दमट, उबदार वाऱ्याची आणि न गोठणाऱ्या ढगाळ रात्रींची अधिक आशा वाटते. हवेतली एक ग्रॅम वाफ हिमावर पाणी होऊन बसली, तर त्यातून सुटणाऱ्या उष्णतेत सात ग्रॅमहून अधिक हिम वितळते.

राखेचा उपयोग होतो, पण ती अगदी पातळ भुरभुरावी, कारण जाड थर पांघरुणासारखा उष्णता अडवतो. नव्याने हिम पडले की ती झाकली जाते आणि केलेले श्रम वाया जातात.

प्रश्न : तळ्यावरचा बर्फ अजून हातभर जाड आहे. त्यावरून चालणे सुरक्षित आहे का?

उत्तर : नाही. हिवाळ्यातली जाडी आणि वसंतातली जाडी यांची तुलनाच करता येत नाही. ऊन बर्फाच्या आत शिरून स्फटिकांच्या सांध्यांवर त्याला वितळवते, त्यामुळे हातभर जाड थरही एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या मेणबत्त्यांसारखा सुटा होतो आणि वजन पडताच विसकटतो. बर्फ काळपट, करडा दिसू लागला असेल किंवा काठालगत पाण्याची पट्टी उघडी पडली असेल, तर त्याच्यावर पाऊल टाकूच नये. हा बर्फ कधी फुटेल, हे फार पूर्वीपासून नोंदवले जात आहे : स्वीडन आणि फिनलंड यांच्या सीमेवरील तोर्ने नदीच्या नोंदी १६९३ पासूनच्या आहेत, तर अलास्कातील नेनाना येथे १९१७ पासून लोक त्या क्षणावर पैजा लावतात. तेथे नदीवर उभारलेली तिकाटणी दोरीने काठावरच्या घड्याळाला जोडलेली असते आणि बर्फ सरकला की घड्याळ थांबते. इतक्या वर्षांच्या नोंदी हाताशी असूनही नेमका दिवस आधी सांगता येत नाही. तेव्हा आजचा दिवस सुरक्षित आहे, असे केवळ जाडीवरून आपणही ठरवू नये.