कंट्रोल ‘बसेपर्यंत’ लावायचा का?

प्रश्न : ताई, आमची लॅब छोटी आहे. एक सेमी-ऑटो (साखर वगैरे मोजायचं अर्धस्वयंचलित मशीन), एक सेल काउंटर (रक्तपेशी मोजायचं मशीन) आणि आम्ही दोघे टेक्निशियन. कंट्रोल (मशीन तपासायचा, उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना) परवडत नाही म्हणून आठवड्यातून एकदाच लावतो. रेंजबाहेर गेला तर पुन्हा लावतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बसतोच. हे चालतं का? लॅबमध्येच पूल सीरम, म्हणजे रुग्णांचं उरलेलं सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) एकत्र करून, बनवलं तर?

उत्तर : ‘बसतोच’ वाचून हसू आलं. फासे तीनदा टाकल्यावर हवं ते दान पडणारच की! मीही सुरुवातीला हेच करायचे.

मशीन ठणठणीत असतानाही बाविसातलं एखादं रीडिंग दोन एस.डी.च्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, रीडिंगं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) बाहेर जातं. रोज दोन लेव्हल (नॉर्मल आणि हाय कंट्रोल) लावल्या तर साधारण अकरा दिवसांतून एकदा. तेवढ्यावरून कंट्रोलची व्हायल (कुपी) फेकू नका, पण वहीत लिहा. तीन एस.डी. ओलांडले, किंवा लागोपाठ दोन रीडिंगं एकाच बाजूला दोनच्या पलीकडे गेली, की रिपोर्ट थांबवायचे. कंट्रोल कसा वाचायचा याचे वेस्टगार्ड यांचे १९८१चे नियम हेच सांगतात. आधी कारण शोधायचं, मग पुन्हा लावायचं. तुम्ही उलट करताय.

खरा घात मात्र रेंजच्या आत होतो. आमच्या ग्लुकोजच्या हाय कंट्रोलची सरासरी होती २८५. रीडिंगं आली २८१, २७९, २८०, २७६. नॉर्मल कंट्रोल ९५च्या आसपास ठाण मांडून. सगळं रेंजमध्ये, म्हणून कुणी बोललं नाही. मी चौकटीच्या वहीत ठिपके मांडले तेव्हा नऊच्या नऊ मधल्या, म्हणजे सरासरीच्या, रेषेखाली, उतरणीला लागलेले. ब्लँक (नमुना न घातलेला नुसता रीजंट, म्हणजे तपासणीचं रसायन) हातात धरून पाहिला तर फिकट गुलाबी, म्हणजे रीजंटच बिघडलेला. जुन्या बाटलीत उरलेला रीजंट नव्या बाटलीत ओतला जात होता, वाया का घालवायचा म्हणून. ओतणारी मीच! आठवड्यातून एकदा कंट्रोल लावत असते तर ही उतरण कळायला दोन महिने गेले असते. काटकसर करायचीच तर हाय लेव्हल सोडून करू नका. आमचा घोटाळा तिथेच दिसला.

पूल सीरम जरूर बनवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह असलेलंच सीरम घ्या. तरी हातमोजे हवेतच. लालसर, पिवळंजर्द, दुधाळ असेल ते बाजूला टाका. जास्त साखरेची सीरम वेगळी जमवलीत तर हाय पूलही घरचाच होतो. नीट मिसळून, गाळून, एका दिवसापुरतं एकेका कुपीत भरा आणि उणे २० अंशांवर ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको, बर्फ वितळवायला तो आतून मधूनमधून तापतो. बिलिरुबिन करणार असाल तर कुपीला फॉइल गुंडाळा. वितळलेली कुपी परत गोठवायची नाही. वीस दिवस रोज लावा, त्यावरून सरासरी आणि एस.डी. काढा. जुना पूल संपायच्या आत नवा त्याच्या जोडीनं लावायला घ्या, नाहीतर मधले दिवस आंधळे जातात.

पण पूल एवढंच सांगतो की आजचं कालच्यासारखं आहे. कालचंच चुकलेलं असेल तर तो गप्प बसतो. म्हणून विकतचा कंट्रोल आठवड्याला राहू द्या, आणि महिन्यातून एकदा चार-पाच नमुने वाटून दुसऱ्या लॅबशी ताडून पाहा. लाजायचं काय त्यात?

सेल काउंटर तपासायला तर खर्चच नाही. कालचे दोन-तीन ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेले नमुने फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी खोलीच्या तापमानाला आणून हलक्या हातानं उलटेपालटे करून लावा. हिमोग्लोबिन आणि लाल पेशींची संख्या कालशी जुळायला हवी. एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) थोडा वाढलेला दिसेल. पेशी रात्रभरात फुगतात, मशीनला दोष देऊ नका. प्लेटलेटसाठी मात्र शिळ्या नमुन्यावर विसंबू नका.