जुना गेम पुन्हा खेळण्यापूर्वी काय जुळवून घ्यावे

नमस्कार. आपण निपाणीहून लिहिले आहे की, दिवाळीच्या सुट्टीत दहा वर्षांच्या मुलाला आपल्या लहानपणचे गेम दाखवावेत म्हणून आपण मोबाइलवर एम्युलेटर (जुन्या गेम-यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) घेतला, मारिओ आणि कॉन्ट्रा सुरू केले, आणि अर्ध्या तासात मुलगा तर कंटाळलाच, पण आपणही कंटाळलात. ‘मुस्तफा’ हा पार्लरमधला मारामारीचा गेम एका बैठकीत शेवटपर्यंत खेळलात, तरी त्यातून काहीच हाती लागले नाही. त्यावरून आपला प्रश्न असा आहे की, हे गेम खरोखर चांगले होते, की त्या काळी दुसरे काही मिळत नसल्यामुळे ते आपल्याला चांगले वाटत होते.

मी १९९३ पासून खेळतो आहे आणि दर पावसाळ्यात एखादा तरी जुना गेम नव्याने पूर्ण करतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, आपण परवा जो गेम खेळलात तो आपल्या लहानपणचा गेम नव्हता. नाव तेच, चित्रे तीच, परंतु त्याचा वेग, पडदा, त्याला असलेली मर्यादा आणि शेजारी बसलेला माणूस या चारही गोष्टी बदललेल्या होत्या. त्या शक्य तेवढ्या पूर्ववत केल्याशिवाय कोणत्याही जुन्या गेमवर निकाल देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रथम वेगाविषयी लिहितो, कारण त्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. जपान आणि अमेरिकेत दूरचित्रवाणीची एनटीएससी पद्धत होती आणि तिथल्या टीव्हीवरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटत असे. आपल्याकडे पाल पद्धत होती आणि हाच आकडा ५० होता. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा गेम ६० च्या हिशेबाने लिहिलेला आहे, म्हणजे मारिओचे पाऊल, कासवाची चाल, संगीताचा ठेका आणि कोपऱ्यातले घड्याळ हे सारे त्या ठोक्यावर चालते. आपण बेळगावात, निपाणीत किंवा कोल्हापुरात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे विकत घेतली, ती निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या, आणि पाल टीव्हीसाठी बनवलेल्या अशा नकलेवर ६० साठी लिहिलेला गेम ५० च्या ठोक्याने चालत असे. पहिल्या लेव्हलला घड्याळात ४०० चा आकडा असतो. मूळ वेगात तो सुमारे १६० सेकंदांत संपतो. आपल्या टीव्हीवर तो संपायला सुमारे १९० सेकंद लागत. आता एम्युलेटर आपल्याला मूळ वेग देतो, म्हणजे आपल्या बोटांत बसलेल्या वेगापेक्षा मारिओ एक पंचमांशाने जलद धावतो. खड्ड्याच्या काठावर उडी चुकते आणि माणसाला वाटते की आपले वय झाले. कितीतरी मित्रांना मी याच कारणाने पहिल्या दहा मिनिटांत गेम बंद करताना पाहिले आहे.

यावर उपाय सोपा आहे. संगणकावरच्या काही चांगल्या एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडण्याच्या जागी एनटीएससी आणि पाल यांच्याबरोबर ‘डेंडी’ असा तिसरा पर्याय असतो. डेंडी ही रशियात विकली गेलेली अशीच एक नक्कल, आणि तिचे वेगाचे गणित आपल्याकडच्या पाल नकलांसारखेच आहे. हा पर्याय निवडून मी पहिल्यांदा मारिओ सुरू केला, तेव्हा संगीताची पहिली ओळ कानावर पडताच बेळगावच्या टिळकवाडीतल्या शेजाऱ्यांच्या घरातली ती खोली, तिथला लाकडी दारांचा टीव्ही आणि खिडकीबाहेरचा पाऊस हे सगळे एकदम परत आले. त्याआधी अनेक वर्षे मी तोच गेम मूळ वेगात खेळत होतो आणि काहीतरी चुकते आहे एवढेच कळत होते. मुलाला मात्र मूळ वेगातच खेळू द्यावे. त्याच्या बोटांना जुनी सवय नाही.

पडद्याची गोष्ट याहून अधिक परिचयाची आहे. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबल्याचा परिणाम जवळजवळ तत्काळ दिसत असे. आजचा एलईडी टीव्ही चित्रावर स्वतःची प्रक्रिया करतो आणि मगच ते दाखवतो. त्यामुळे होणारा विलंब डोळ्यांना जाणवत नाही, पण उडीला जाणवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो अवश्य चालू करावा, आणि चित्र ताणून रुंद न करता चारास तीन या प्रमाणात ठेवावे. मोबाइलच्या काचेवर तर हे गेम खेळूच नयेत. मारिओची सारी कला धावता धावता बटण किती वेळ दाबून धरले यात आहे, आणि काचेवर अंगठा बटणावरून कधी घसरला हे अंगठ्यालाही कळत नाही. साधा वायरीचा रिमोट (गेमपॅडला आमच्याकडे रिमोटच म्हणत) आणून संगणकाला जोडा. आपल्या तक्रारीतला निम्मा भाग तिथेच संपेल. बदकांच्या शिकारीच्या गेमचा नाद मात्र सोडून द्या. त्या गेमबरोबरची बंदूक गोळी सोडत नव्हती, पडद्यावरचा प्रकाश वाचत होती: चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीला तो दिसला तर नेम लागला असे धरले जाई. ही सारी देवाणघेवाण काचेच्या टीव्हीच्या वेळेशी बांधलेली असल्यामुळे आजच्या टीव्हीवर ती बंदूक चालत नाही.

आता मुस्तफा. या गेमचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम या कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, आणि त्यातल्या चार पात्रांपैकी एकाच्या नावाने आपण सगळे त्याला ओळखतो. खडेबाजारच्या बाजूला एका बोळात असलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी तो खेळायला शिकलो. आठवड्याला मिळणाऱ्या पैशांतून एक किंवा फार तर दोन कॉइन (खेळ सुरू करण्यासाठी यंत्रात टाकायची नाणी) व्हायचे. उरलेला वेळ आम्ही खेळणाऱ्याच्या मागे उभे राहून घालवत असू, आणि माझे खरे शिक्षण त्या उभे राहण्यात झाले: कोणत्या पिंपात खाणे आहे, गुंड कोणत्या बाजूने येतात, बंदूक हाताशी ठेवून ती कोणासाठी राखावी. त्यामुळे स्वतःचे कॉइन यंत्रात टाकताना हात थरथरत असे. आपण परवा एम्युलेटरवर काय केलेत ते आठवून पाहा. लाइफ संपली की एक बटण दाबून नवे कॉइन टाकलेत, आणि आठ स्टेज एका बैठकीत संपवल्या. हे म्हणजे प्रत्येक चेंडूवर बाद होऊनही खेळपट्टी न सोडता शतक पूर्ण करण्यासारखे आहे. मुस्तफात फार मोठी कथा नाही, देखावे सुंदर असले तरी मोजके आहेत. त्याचा सारा जीव ‘आता कॉइन नाही’ या एका वस्तुस्थितीत आहे. आपण एक नियम करून पाहा: दिवसाला एक कॉइन, ते संपले की यंत्र बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी आपण तिसऱ्या स्टेजपर्यंत पोहोचाल आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी पुढच्या दिवसाची चाल मनात आखाल. मी गेल्या जुलैत असेच केले. मध्येच खेळ साठवून ठेवणे आणि चूक झाली की मागे जाणे या एम्युलेटरच्या दोन्ही सोयी मी जुन्या गेमसाठी पूर्णपणे वर्ज्य मानतो. त्यांच्याविषयी माझा आक्षेप नैतिक स्वरूपाचा नाही. ज्या गेममध्ये चुकीची किंमत हीच रचना आहे, त्यातून किंमत काढली की खेळायला काही उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा प्रिन्स ऑफ पर्शिया हा आहे. जॉर्डन मेकनर यांनी तो १९८९ मध्ये ॲपल-टू या संगणकासाठी पूर्ण केला, आणि त्यातल्या राजपुत्राचे धावणे, लटकणे, घसरणे हे त्यांनी आपल्या धाकट्या भावाचे चित्रीकरण करून त्याच्या हालचालींवरून रेखाटले. आमच्या पिढीने तो कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर बाहेर गेल्यावर, आवाज बंद करून खेळला. त्यात लाइफ कितीही वेळा गेली तरी चालते, परंतु साऱ्या गेमला मिळून साठ मिनिटेच असतात. म्हणजे चूक केल्यास मरण येते हे खरे, पण खरी शिक्षा मरणाची नसते, गेलेल्या मिनिटांची असते. आज पस्तीसहून अधिक वर्षांनंतरही तो गेम कुठेच जुना वाटत नाही. चौथ्या लेव्हलला आरशातून राजपुत्राची सावली फुटून बाहेर पडते. ती कल्पनादेखील गरजेतून आली, कारण संगणकाच्या मेमरीत नव्या शत्रूसाठी जागा नव्हती आणि मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे, जराशी सरकवून स्वतःवरच टाकून, तिच्यासाठी वापरली. पुढे त्या सावलीशी सामना होतो. तो कसा सोडवायचा हे मी इथे लिहीत नाही, आणि आपल्याला आठवत असले तरी आपणही मुलाला सांगू नये. मूळ सोर्स कोड, म्हणजे गेमचा लिहिलेला प्रोग्राम, अनेक वर्षे हरवलेला होता. मेकनर यांच्या वडिलांना तो एका खोक्यातल्या जुन्या फ्लॉपींत सापडला आणि २०१२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, याचा मला आजही आनंद वाटतो.

सगळेच जुने गेम या कसोटीला उतरतात असे मी म्हणणार नाही. डेंजरस डेव्हच्या दहा लेव्हल मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा खेळलो. तासाभराचा आनंद मिळाला आणि पुन्हा जावेसे वाटले नाही. रोड रॅशमधली मजा बरीचशी सायबर कॅफेतल्या गर्दीची होती, असे मला आता वाटते. उलट १९९६ चा टूम रेडर लोक ‘हलवायला जड’ म्हणून सोडून देतात, तो अन्याय आहे. त्याचे सारे जग समान चौकोनांचे बनलेले आहे; काठावर उभे राहून एक उडी मागे घ्यावी आणि तिथून धावत उडी मारावी, म्हणजे पाय अचूक काठावर पडतो. हे एकदा समजले की तो जडपणा बुद्धिबळाच्या चालीसारखा वाटू लागतो.

कॉन्ट्रा आपण मुलाच्या शेजारी बसून दोन रिमोटवर खेळलात, की त्याच्या हातात फोन देऊन बाजूला बसलात, हे आपण लिहिलेले नाही. माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेचा आहे, कारण दोघांनी खेळलेल्या कॉन्ट्रात अर्ध्या तासात कोणी कंटाळल्याचे मी पाहिलेले नाही. विशेषतः तिसरी, धबधब्याची स्टेज. तिथे वर वर चढायचे असते आणि पुढचा खेळाडू वर गेला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो; खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की मरतो. माझा थोरला चुलतभाऊ मला अशा रीतीने कितीदा मारत असे याची गणती नाही, आणि मी रडल्यावर ‘हळू जा रे, तो लहान आहे’ असे काकू स्वयंपाकघरातून ओरडत. त्यानंतर तो थांबू लागला. गेमने कोणतीही सूचना न देता दोघांना एकमेकांची गती सांभाळायला लावली, आणि आज मोठ्या खर्चाने बनणाऱ्या कितीतरी गेमना हे साधत नाही. तीस लाइफचा कोड (वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए) आपल्याला पाठ असेलच. तो जरूर वापरा, कारण तो कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्याच माणसाने आधीच्या ग्रेडिअस या गेमसाठी ठेवला होता आणि पुढे तो कॉन्ट्राचाच एक भाग होऊन गेला.

गेम कुठून मिळवावेत याबद्दल थोडक्यात लिहितो. जो गेम आज अधिकृतपणे विकत मिळतो तो विकतच घ्यावा. परंतु अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात उपलब्धच नव्हते. मुस्तफादेखील कॅपकॉमने २०१८ मध्ये काढलेल्या मारामारीच्या सात गेमच्या संग्रहात नाही. म्हणून ज्यांच्या कपाटात जुनी यंत्रे आणि गेमच्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. कॅसेट चालत नसेल तर आपण पूर्वी मारत होतो तशी फुंकर मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने कॅसेटमधल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

शेवटची गोष्ट मारिओच्या १-२ विषयी, म्हणजे जमिनीखालच्या लेव्हलविषयी. १९९४ च्या मे महिन्यात शेजाऱ्यांकडे बैलहोंगलहून त्यांचा भाचा आला होता. त्याला मराठी जवळजवळ येत नव्हती आणि मला कन्नड येत नव्हते. मी त्या लेव्हलच्या शेवटाजवळ पोहोचलो की तो उत्साहाने ‘मेले, मेले’ असे म्हणू लागे, आणि मला वाटे की मी मरणार म्हणून तो चिडवतो आहे. तिसऱ्या दिवशी त्याने उठून पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवले. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. मी विटांवर चढलो, छतावरून धावत पाइपच्या पुढे गेलो, आणि समोर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जगात नेणारे तीन पाइप एका ओळीत उभे होते. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन ते सांगितले. आपला मुलगा १-२ ला पोहोचेल तेव्हा त्याला यातले काही सांगू नका. शेजारी दुसरा रिमोट घेऊन बसा, आणि तो स्वतः छताकडे पाहीपर्यंत कितीही दिवस लागले तरी थांबा.