यादी बाजूला ठेव, कान उघडे ठेव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही सावकाश वाचलं. १९२० च्या दशकापासून आजपर्यंतचे शंभर भयपट, दशकवार लावलेले, प्रत्येकापुढे गुणांचा रकाना. सुट्टीत रोज दोन बघायचे, फोनवर, आणि सिनेमा रेंगाळला की वेग दीडपट करायचा. एवढं पाहून झालं की मी भयपटांवर लिहायला लागू का, असं विचारलंयस.

तुझं वेड खरं आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. दीडपट वेगाने भयपट बघू नकोस. माझी उमेदीची वर्षं सिनेमाच्या आवाजाच्या कामात गेली. कुणाच्या तरी पावलांच्या मध्ये किती शांतता ठेवायची, दाराची बिजागरी कुठपर्यंत करकरू द्यायची, यावर आम्ही रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत. भीती त्या मोजून ठेवलेल्या वेळात असते. तो वेळ तू कापलास की हातात नुसती गोष्ट उरते, आणि या सिनेमांच्या गोष्टी पुष्कळदा एकीसारखी दुसरी असतात. शंभरातले दहा-बारा निवड. ते मात्र दोनदा बघ: एकदा घाबरायला, एकदा ऐकायला.

सुरुवात परदेशातून कशाला? १९४९ चा ‘महल’ घे. त्यात भूत आहे की नाही हे मी सांगणार नाही, पण ‘आयेगा आनेवाला’ तू ऐकलेलं असणारच. आता ते गाणं म्हणून ऐकू नकोस, सिनेमातला आवाज म्हणून ऐक. सुरुवातीच्या ओळी लांबून येतात आणि मग बाई हळूहळू जवळ येत जाते. आज हे कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होतं. तेव्हा लताबाई स्टुडिओच्या कोपऱ्यात, मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात पावलापावलाने मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. शेवटचं पाऊल आणि मुखडा बरोबर एका क्षणी पडायला हवा, म्हणून पुन्हा पुन्हा गायल्या. त्या काळच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचं नाव होतं, लताबाईंचं नव्हतं. लोकांनी रेडिओला विचारून विचारून हैराण केलं की ही गाते कोण. मला यातलं फार आवडतं ते हे, की इथल्या पडद्यावरच्या सगळ्यात भारी झपाटलेल्या आवाजामागचं नाव चाहत्यांच्या हट्टामुळे बाहेर आलं.

आणि त्या महालातल्या सावल्या बघ. कॅमेऱ्यामागे योझेफ विर्शिंग होता, म्युनिकहून आलेला जर्मन माणूस, बॉम्बे टॉकीजमध्ये मालाडला काम करणारा. तुझ्या यादीत पहिल्या ओळीवर १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ आहे. जिन्यावर चढणारी ती लांब नखांची सावली पाहिलीस की लगेच ‘महल’मधले जिने आणि कंदील आठव. जर्मनीतला तो प्रकाश माणसाच्या हातून मालाडपर्यंत आला होता, हे तुला कुणी न सांगता दिसेल.

‘नोस्फेराटू’बद्दल आणखी एक. तो सिनेमा खरं तर आज असायलाच नको होता. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता बनवला म्हणून लेखकाच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करा असा निकाल दिला. तोवर काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या. त्या राहिल्या, म्हणून आपण तो बघतो. तुझ्या यादीतली कितीतरी नावं अशीच कुणीतरी सांभाळली म्हणून तिथे आहेत. समीक्षकांनी या सिनेमांना फार काळ दारात उभं केलं नाही, पुरस्कारांनी क्वचितच विचारलं. जपलं ते चाहत्यांनी. या वेडात शिरते आहेस तर ही जबाबदारीही तुझीच आहे, आणि मला तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

१९६० चा ‘सायको’ बघशील तेव्हा न्हाणीघरातला खुनाचा प्रसंग एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ. मग चालू करून. दिग्दर्शक हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही ते केलं, फक्त तंतुवाद्यांवर, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. सुरीचा आवाज खरबुजाच्या एका जातीत सुरी खुपसून मिळवला होता. त्यासाठी वेगवेगळी खरबुजं आणून, कापून, ऐकून निवड झाली. रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं. कृष्णधवल चित्रात ते रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं. ही माहिती कळली की भीती कमी होईल असं तुला वाटेल. तसं होत नाही. मला खरबूज माहीत आहे, तरी तो आवाज आला की अजून पोटात गोळा येतो.

१९७८ चा ‘हॅलोविन’ही असाच ऐकायचा. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने संगीताशिवायची प्रत स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवली तर त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच पियानोवर पाच मात्रांची ती धून वाजवली. पाच मात्रा आपल्या कानाला चारच्या सवयीमुळे सतत एक पाऊल चुकल्यासारख्या लागतात. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा, पांढरा रंग मारलेला. पैसे नव्हते म्हणून डोकं चालवलं, हे या सिनेमांच्या इतिहासात जागोजागी दिसेल.

प्रत्येक दशकाची भीती वेगळी, हे तू यादीच्या समासात लिहिलंयस. बरोबर आहे, पण ते पुस्तकी वाक्य म्हणून सोडू नकोस, एखाद्या सिनेमात शोध. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ घे. पिट्सबर्गजवळच्या लोकांनी सव्वा लाख डॉलरच्याही आत उभा केलेला सिनेमा. नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट. रात्रभर प्रेतांशी झुंजून तो जगतो, आणि सकाळी बंदुका घेऊन आलेले गोरे लोक त्याला प्रेत समजून गोळी घालतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. ऑक्टोबरमध्ये थिएटरात बसलेल्या अमेरिकन माणसाला तो शेवट काय वाटला असेल, याचा विचार करून मग गुण दे. त्याचंही नशीब बघ: वितरकाने आयत्या वेळी नाव बदललं आणि नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहून गेली. सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला. बनवणाऱ्यांचं नुकसान झालं, पण जो तो दाखवू लागल्याने तो गावोगाव पोचला.

आता रामसे बंधू. तू त्यांना यादीत ‘टाइमपास’ अशा वेगळ्या खान्यात टाकलंयस. तिथून काढ. कराचीहून फाळणीनंतर मुंबईत आलेलं, रेडिओचं दुकान चालवणारं कुटुंब. १९७० मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो पडला. पण तुलसी आणि श्याम या भावांनी थिएटरात बसून पाहिलं, की पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला लोक सरसावून बसतात. प्रेक्षकांकडे असं बघणं सगळ्यांना जमत नाही. त्यातून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ आला. युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं, चाळीसेक दिवसांत काम उरकलं. सात भाऊ: कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज बघणार, अर्जुन संकलन करणार, केशू निर्मितीत, तुलसी-श्याम दिग्दर्शनात. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. त्यातला सामरी नावाचा सैतान झालेला अजय अगरवाल हा रुरकीचा इंजिनिअर, आणि त्याच्या उंच, हाडकुळ्या चेहऱ्यावर दिवा खालून लावला की मेकअपचं अर्धं काम झालेलं असायचं.

या सिनेमांत विनोदी उपकथानकं लांबतात, गाणी कुठेही येतात, आणि बायकांकडे बघण्याची कॅमेऱ्याची नजर मला आजही खटकते. तेही लिही, झाकू नकोस. पण किरण रामसेंचा आवाज ऐक: वारा, कोल्हेकुई, लोखंडी दार, आणि त्यानंतरची अचानक शांतता. मोठ्या शहरांतली बडी थिएटरं ज्यांच्या वाट्याला कमी यायची अशा या सिनेमांना लहान गावांनी, रात्रीच्या खेळांनी उचलून धरलं. पुढे १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ने तीच हवेली घराघरात आणली. त्या पिढीतली कितीतरी मुलं पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून तो बघायची.

ऐंशीच्या दशकाने आणखी एक केलं: कॅसेट आणली. १९८२ चा ‘द थिंग’ थिएटरात आपटला. दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ आला होता, लोकांना गोड परग्रहवासी हवा होता आणि समीक्षकांनी याला किळसवाणा ठरवलं. मग लोकांनी तो कॅसेट भाड्याने आणून घरी बघितला, थांबवून, मागे नेऊन, रॉब बॉटिनने विशीत केलेली त्यातल्या राक्षसाची हातची कारागिरी न्याहाळली. आज तो त्या दशकाच्या उत्तम भयपटांत धरतात. चाहत्यांनी पुन्हा पुन्हा बघण्याने एका सिनेमाचा निकाल फिरला.

नव्वदच्या दशकातल्या जपानी ‘रिंगू’ला आणि ‘ब्लेअर विच’ला तू खूप जागा दिली आहेस. एकेकदा बघ, पुरे. त्यापेक्षा राम गोपाल वर्मांचा २००३ चा ‘भूत’ लक्ष देऊन ऐक. हिंदी भूत तोवर बहुधा हवेलीत राहायचं. इथे ते मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, लिफ्टच्या दारामागे आलं. एकही गाणं नाही. घर घेतलेल्या शहरी माणसाची भीती तिथे नेमकी पकडली आहे.

मराठीला तू तीनच ओळी दिल्यास, याचं मला वाईट वाटलं. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आईबरोबर बघ, तिला गाणी पाठ असतील. ‘झपाटलेला’ (१९९३) विनोदी म्हणून सोडू नकोस. रामदास पाध्यांनी घडवलेल्या बाहुल्याला दिलीप प्रभावळकरांनी जीव दिला, आणि तो तात्या विंचू कित्येक घरांतल्या मुलांना रात्री कपाटावर दिसायचा. ‘लपाछपी’ (२०१७) मात्र एकटीने बघू नकोस. शहरातून पळालेलं जोडपं उसाच्या फडातल्या घरात लपतं. तिथे भुतापेक्षा भयंकर काय आहे, तर मुलगी जन्माला येऊ न देणारी माणसं. ऊस उंच वाढला की आत दिशा कळत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला तो सिनेमा दुप्पट लागतो. आणि ‘तुंबाड’. भाषा हिंदी, पण माती आपली. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, सासवडच्या वाड्यात आणि खऱ्या पावसात वर्षानुवर्षं थांबून चित्रित केलेला. २०१८ मध्ये थिएटरात थोडेच लोक गेले. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. जाहिरातीने एवढं होत नाही.

तेव्हा तू काय करायचं? शक्य तेव्हा थिएटरात बघ, अनोळखी माणसांत. दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला की काय होतं, ते इअरफोनमध्ये मिळत नाही. शेवट कुणाला सांगू नकोस, मी वर एक सांगून बसले तसा. ज्याला बघायचं नाही त्याला ओढून बसवू नकोस, धाकट्या भावाला तर मुळीच नाही. तुला भीती वाटली नाही म्हणून सिनेमा वाईट आणि कुणाला वाटली म्हणून तो भित्रा, असले वाद घालणाऱ्यांत वेळ दवडू नकोस. पुण्यात आलीस की राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात जा, जुनी मासिकं आणि पोस्टरं बघायला माग. चोरबाजारात रामसेंचं एखादं पोस्टर परवडलं तर घे, घडी घालू नकोस, गुंडाळून ठेव.

आणि माणसांना विचार. तुझ्या मामांनी ‘पुराना मंदिर’ तालुक्याच्या गावी तंबूत पाहिल्याचं तूच लिहिलं आहेस. त्यांच्याजवळ बस आणि सगळं काढून घे: तिकीट किती होतं, बायका कुठे बसायच्या, सामरी आल्यावर कोण ओरडलं, रीळ तुटलं तर लोक काय करायचे, रात्री घरी कसे गेले. त्यांच्या शब्दांत उतरवून ठेव, तारीख घाल. असल्या आठवणी बहुतेक कुठेच लिहिलेल्या नाहीत, आणि भयपटांवरचं तुझं पहिलं लिखाण हेच असू दे.

या शनिवारी ‘महल’ बघ, सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दुसऱ्यांदा बघताना ऐकू आलेले आवाज क्रमाने लिही, मत एकही नको. ते पान आणि मामांचं पान, दोन्ही मला पाठव. यादीतले बाकीचे सिनेमे कुठे पळून जात नाहीत.

तुझी,
ताई