कॅरॅव्हॅन घेऊन नलरबॉर पार करताना: वाचकांचे प्रश्न

मेलबर्नहून नलरबॉरच्या ओसाड, सपाट पट्ट्यातून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थला निघतो आहोत. गाडी ३५०० किलो ओढते, मागे जोडलेले फिरते घर म्हणजे कॅरॅव्हॅन २६०० किलोची. मग वजनाचा विचार करायची गरज आहे का?

आहे, आणि निघण्याआधीच आहे. ३५०० हा फक्त ओढण्याचा आकडा झाला. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे तुमच्या बाबतीत २६० किलो, हुकावरून थेट गाडीवर येतो. त्यात चार माणसे, फ्रिज, टपावरचे सामान आणि भरलेली टाकी मिळवा. ओढायची ताकद शिल्लक असते, पण गाडीची स्वतःची वजनमर्यादा कधीच ओलांडलेली असते. शिवाय २६०० हे वजन रिकाम्या कॅरॅव्हॅनचे की भरलेल्या, तेही तिच्यावरच्या पाटीवर बघा. 'टेअर' म्हणजे रिकामी, 'एटीएम' म्हणजे भरल्यानंतरची कमाल मर्यादा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे हमखास विसरले जाते. सगळे भरून, सगळ्यांना बसवून एकदा वजनकाट्यावर जाऊन याच.

जड सामान खाली आणि चाकांच्या जवळ ठेवा. मागचा भाग जड झाला की कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डोलू लागते. लोक ट्रकच्या वाऱ्याला दोष देतात; माझ्या मते बहुतेक वेळा दोष सामान भरण्यातच असतो. डोलू लागलीच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा.

कडीपत्ता, कांदे-बटाटे, मध असे दोन आठवड्यांचे सामान भरून नेले तर?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर, बॉर्डर व्हिलेजला, टाकून द्यावे लागेल. तिथे गाडी थांबवून फ्रिज आणि कपाटे उघडून पाहतात. ताजी फळे, भाज्या, रोपे आणि मध यांवर निर्बंध आहेत. परत येताना अशीच तपासणी सेडुनाला होते, फळमाशी दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरू नये म्हणून. ज्यांची शेती यावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी हा नियम मनापासून पाळावा. डाळी, तांदूळ, पीठ, मसाले भरपूर घ्या. सीमेच्या आदल्या मुक्कामी उरलेल्या भाज्यांची एकदम मोठी भाजी करून टाकायची, हा आमचा नेम आहे.

दिवसा ऊन लागते. रात्री गाडी चालवली तर?

नको. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. कांगारू समोर आला तर सरळ रेषेत ब्रेक लावा; कॅरॅव्हॅन मागे असताना स्टिअरिंग झटक्यात वळवले तर दोन्ही उलटू शकतात. नलरबॉरचा टप्पा, म्हणजे सेडुना ते नॉर्समन, सुमारे १२०० किलोमीटर आहे. दिवसाला ३५०-४०० पुरे, आणि चार वाजेपर्यंत मुक्काम. बॅलाडोनिया ते कायगुना १४६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. तिथे डुलकीचा धोका खरा आहे. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, मागून आली तर यूएचएफ रेडिओच्या ४० नंबर चॅनेलवर चालकाशी बोला.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. थकले तर धावत्या कॅरॅव्हॅनमध्ये मागे झोपू शकतील?

मुळीच नाही. धावत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवणे बेकायदेशीर आहे आणि अपघातात जीवघेणे. दर दीड-दोन तासांनी थांबा, कॅरॅव्हॅन उघडा, चहा करा, त्यांना तासभर आडवे होऊ द्या. बाबांना इन्सुलिन लागत असेल तर गाडीतला फ्रिज बारा व्होल्टवर नीट चालतो ना, ते घरीच दोन दिवस चालवून बघा. लांबच लांब पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या.

आणि जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान जात असाल तर नलरबॉर रोडहाउसच्या थोडे अलीकडे 'हेड ऑफ बाइट'ला त्यांना जरूर न्या. देवमाशांच्या माद्या पिल्ले घेऊन तिथे किनाऱ्याजवळ येतात. कड्यावरच्या लाकडी वाटेवरूनच दिसतात, बोटीत चढावे लागत नाही.